दिवा डोळ्यांसाठी की प्रवाळांसाठी?

शोभिवंत माशांच्या एखाद्या मोठ्या दुकानात गोड्या पाण्याच्या टाक्यांची रांग ओलांडून आत गेले, की शेवटच्या कोपऱ्यात खाऱ्या पाण्याची एक लहानशी टाकी दिसते. वर गडद निळा दिवा आणि खाली काळोख्या पाण्यात हिरवे, नारिंगी, जांभळे चमकणारे प्रवाळ. ग्राहक थबकतो. विक्रेता दिव्याचे खोके पुढे करतो. खोक्यावर तीन आकडे ठळक छापलेले असतात : इतके वॅट, इतके ल्युमेन, इतके केल्विन. चौथा आकडा किमतीचा. या चारांपैकी एकही आकडा त्या टाकीतील जीव जगेल की मरेल हे सांगत नाही. तरीही चेन्नईपासून कोलकात्यापर्यंत आणि मुंबईपासून गुवाहाटीपर्यंत, खाऱ्या पाण्याची हौस असलेला माणूस याच आकड्यांच्या भरवशावर हजारो रुपये मोजतो. काही आठवड्यांनी प्रवाळ पांढरा पडतो किंवा आक्रसून मरतो आणि दोष पाण्याला, मिठाला, नाही तर नशिबाला दिला जातो.

प्रवाळाचा दिवा वॅट, ल्युमेन आणि केल्विन या मापांत विकणे ही दिशाभूल आहे. विकणाऱ्याला ती ठाऊक असो वा नसो, परिणाम बदलत नाही. ही दिशाभूल ओळखायला बारावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे, आणि म्हणूनच ती इतकी वर्षे खपते याची खंत अधिक वाटायला हवी.

ल्युमेन : माणसाच्या डोळ्याचे माप

ल्युमेन हे प्रकाशाचे माप नव्हे. माणसाच्या डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचे माप आहे. दिवसाउजेडी आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. त्या तरंगलांबीच्या एक वॅट प्रकाशाचे ६८३ ल्युमेन होतात. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाचा तोच एक वॅट घेतला तर ल्युमेन भरतात जेमतेम २६. ऊर्जा तितकीच, पण ल्युमेन सव्वीस पटींनी कमी. कारण एवढेच, की मानवी डोळ्याला निळा रंग कमी जाणवतो.

प्रवाळाला मानवी डोळा नसतो. त्याच्या पेशींत राहणारे सूक्ष्म सहजीवी शैवाल प्रकाशसंश्लेषण करते आणि तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देते. उथळ पाण्यातील बहुतेक प्रवाळांची ऊर्जेची बरीचशी गरज याच खानावळीतून भागते. या शैवालातील क्लोरोफिल-अ, क्लोरोफिल-सी२ आणि पेरिडिनिन ही रंगद्रव्ये मिळून निळा व निळसर-हिरवा प्रकाश सर्वांत जोमाने शोषतात. क्लोरोफिलमुळे तांबड्यातही एक लहान शिखर असते. प्रकाशसंश्लेषणात हिशेब चालतो फोटॉनच्या संख्येचा. एक वॅट हिरव्या प्रकाशात सेकंदाला सुमारे ४.६ मायक्रोमोल फोटॉन असतात, तर एक वॅट निळ्या प्रकाशात सुमारे ३.८. म्हणजे डोळ्याच्या हिशेबात सव्वीस पटींचा असलेला फरक फोटॉनच्या हिशेबात सव्वापटही उरत नाही. आणि जे फोटॉन शैवालाला विशेष उपयोगी, त्यांनाच ल्युमेनच्या तराजूत सर्वांत कमी वजन मिळते. जास्त ल्युमेनचा दिवा चांगला असे सांगणारा विक्रेता, नकळत का होईना, प्रवाळाला कमी उपयोगी पडणारा दिवा ग्राहकाच्या गळ्यात बांधत असतो.

आपल्याकडे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो एलईडी दिव्यांना तारे देतो ते प्रतिवॅट ल्युमेन या कसोटीवर. दिवाणखान्यासाठी ही कसोटी अगदी योग्य. तिथे माणसालाच बघायचे असते. पण तीच पट्टी टाकीवरच्या दिव्याला लावणे म्हणजे दुधाची प्रत त्याच्या पांढरेपणावरून ठरवण्यासारखे आहे.

केल्विन : नसलेल्या तापमानाचा आकडा

खोक्यावर ‘२०,००० केल्विन’ छापलेले असते, तेव्हा ग्राहकाला वाटते की हे काही तरी सामर्थ्याचे माप असावे. सूर्याच्या पृष्ठभागाचे परिणामी तापमान सुमारे ५,७७२ केल्विन आहे. टाकीवरचा दिवा सूर्याच्या साडेतीन पट तापलेला नाही, हे सांगायला नकोच. हा आकडा फक्त एवढे सांगतो, की दिव्याचा रंग डोळ्याला अमुक तापमानाच्या आदर्श कृष्णवस्तूच्या रंगाजवळचा वाटतो. एकाच रंग-तापमानाच्या दोन दिव्यांचे वर्णपट पूर्णपणे वेगळे असू शकतात. एकात ४५० नॅनोमीटरचा उंच सुळका, तर दुसऱ्यात रुंद पसरट टेकडी. डोळ्याला दोन्ही सारखेच. शिवाय गडद निळ्या एलईडीचा रंग कृष्णवस्तूच्या रंगरेषेपासून इतका दूर जातो, की त्याला केल्विनचा आकडा देण्यालाच अर्थ उरत नाही. गडद निळ्या दिव्यावर छापलेला केल्विन हा विज्ञानाचा वेष घेतलेला जाहिरातीचा शब्द आहे.

दुकानातील त्या मोहक चमकेचा उलगडाही इथेच होतो. प्रवाळांच्या ऊतींतील काही प्रथिने निळा प्रकाश शोषून हिरवा किंवा नारिंगी प्रकाश बाहेर टाकतात. भोवतालचा पांढरा उजेड काढून घेतला, की ही प्रतिदीप्ती उठून दिसते. ती दिसते म्हणजे प्रवाळ ठणठणीत आहे असे मुळीच नाही. उपाशी प्रवाळही निळ्या दिव्याखाली झळाळतो. ती झळाळी ग्राहकाच्या नजरेसाठी मांडलेली असते.

मोबाइलचे लक्समापक : सोयीचा सापळा

जरा चिकित्सक हौशी माणूस मोबाइलवर उजेड मोजणारे ॲप उतरवतो, लक्समधला आकडा घेतो आणि कुठे तरी वाचलेल्या ५४ या संख्येने भागतो. सूर्यप्रकाशासाठी हे गुणोत्तर ठीक आहे : सुमारे ५४ लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर सेकंदाला एक मायक्रोमोल फोटॉन. पण ४५० नॅनोमीटरच्या शुद्ध निळ्या प्रकाशासाठी हेच गुणोत्तर सुमारे ७ आहे. आता समजा, टाकीच्या तळाशी निव्वळ निळ्या एलईडीखाली २,८०० लक्स भरले. ५४ ने भागून हौशी माणूस म्हणतो, जेमतेम ५२. दिवा वाढवायला हवा. प्रत्यक्षात तिथे ४०० मायक्रोमोल पडत असतात. मंद प्रकाशात वाढणाऱ्या मशरूम प्रवाळासाठी हा उजेड नव्हे, शिक्षा आहे. त्यात पांढऱ्या एलईडी मिसळल्या, की खरे उत्तर या दोन टोकांच्या मध्ये सरकते. कुठे, ते वर्णपट पाहिल्याशिवाय ठरत नाही. आणि मोबाइलचा संवेदक डोळ्याच्या वक्राशी तंतोतंत जुळतो असे धरले तरीही ही अवस्था.

योग्य माप उपलब्ध आहे. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील फोटॉन मोजायचे आणि दर चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल पडतात ते सांगायचे. हौशी मंडळी त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पार’ म्हणतात. उष्ण कटिबंधात निरभ्र दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा २,००० च्या घरात जातो. अनुभवी पाळणारे मशरूम प्रवाळांना साधारण ३० ते ८०, बटन पॉलिप आणि लेदर प्रवाळांना ५० ते १५० इतका पार देतात. हा आकडाही सर्वज्ञ नाही; तो वर्णपटाबद्दल गप्प असतो, दिवसभराची बेरीज सांगत नाही. ती बेरीज मात्र साधी आहे : १०० मायक्रोमोल दहा तास, म्हणजे चौरस मीटरला दिवसाचे ३.६ मोल. पार आणि वर्णपटाचा आलेख हे दोन कागद समोर ठेवले, तर दिव्याची निवड पाऊण संपते. खोक्यावर नेमके हेच दोन कागद नसतात.

‘खोलवर भेदणारा’ प्रकाश

जाहिरातींतला आणखी एक लाडका शब्द म्हणजे भेदकशक्ती. अमुक दिव्याचा प्रकाश पाण्यात खोलवर भेदत जातो, म्हणून तो महाग. इथे चंद्रशेखर व्यंकट रामन यांची आठवण व्हायला हवी. १९२१ मध्ये इंग्लंडहून परतताना ‘नारकुंडा’ या जहाजावर त्यांनी समुद्राच्या निळाईचा प्रश्न हाती घेतला. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, हे लॉर्ड रॅले यांचे मत त्या काळी मान्यता पावलेले होते. रामन यांनी खिशातला निकोल प्रिझम डोळ्यांपुढे धरून पृष्ठभागावरचे परावर्तन वगळले, आणि निळाई तरीही उरली. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्याविषयीचे पत्र मुंबई बंदरातून ‘नेचर’ला रवाना झाले. आज आपण त्यात एवढी भर घालतो, की पाणी तांबडा प्रकाश शोषूनही घेते. पुढे याच वाटेवर रामन परिणाम सापडला आणि २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन आपल्याला मिळाला. त्या प्रिझमचा धडा साधा होता : नजरेला जे भासते ते वेगळे काढा, मगच बोला.

आता हाच धडा टाकीला लावून पाहावा. शुद्ध पाण्यात ६५० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश दोन मीटरमध्ये निम्मा होतो. दहा-पंधरा मीटर खोलीवरच्या प्रवाळभित्तीवर म्हणूनच निळ्याचे राज्य असते. पण घरातली टाकी दहा मीटर खोल नसते, ३० ते ४५ सेंटीमीटर असते. ४५ सेंटीमीटर पाण्यात तांबडा प्रकाश घटतो सुमारे १४ टक्के, आणि निळा अर्धा टक्काही नाही. म्हणजे लहान टाकीत ‘भेदकशक्ती’ हा प्रश्नच अस्तित्वात नाही. तळाशी उजेड कमी पडतो तो किरण पसरल्यामुळे, भूमितीमुळे. अंतर दुप्पट झाले की बिंदुस्रोताचा उजेड मोकळ्या जागेत चौथ्या हिश्शावर येतो. टाकीत मात्र घट इतकी होत नाही, कारण भिंतींवर तिरके आदळणाऱ्या बऱ्याच किरणांचे पूर्ण अंतर्गत परावर्तन होते आणि ते पुन्हा पाण्यात वळतात. काचेची टाकी स्वतःच प्रकाश कोंडून ठेवते. त्या काचेच्या आतल्या बाजूवर चढलेले शेवाळ खरवडणे आणि पाणी पिवळट झाले असेल तर त्यातील निळा प्रकाश खाणारी सेंद्रिय द्रव्ये सक्रिय कोळशाने काढणे, या शंभर-दोनशे रुपयांच्या कामांनी प्रवाळाला जो फायदा होतो, तो ‘भेदक’ दिव्याच्या जादा पैशांनी होत नाही.

वीस वॅटचा हिशेब

वॅटची गोष्ट सर्वांत सोपी, आणि सर्वांत महागात पडणारी. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. किती प्रकाश देतो ते त्यातून कळत नाही.

४५ सेंटीमीटर लांब, ३० रुंद, ३० खोल अशी चाळीस लिटरची टाकी घ्यावी. तिचे वरचे क्षेत्रफळ ०.१३५ चौरस मीटर. तिथे सरासरी १२० मायक्रोमोल हवेत, म्हणजे सेकंदाला एकूण १६ मायक्रोमोलच्या आसपास फोटॉन हवेत. बाहेर सांडणारा आणि परावर्तित होऊन वाया जाणारा प्रकाश सढळ हाताने निम्मा धरला, तर दिव्याने ३२ मायक्रोमोल द्यायला हवेत. निळा एलईडी विजेपैकी निम्मी ऊर्जा प्रकाशात बदलतो असे मानले, तर एका वॅटला सुमारे १.९ मायक्रोमोल मिळतात. भागाकार केला की उत्तर येते १७ वॅट. कडेकोपरे आणि जुना होत जाणारा दिवा यांसाठी थोडी सूट ठेवली तर वीस-पंचवीस वॅट.

या टाकीला बाजारात सुचवला जातो तो दिवा अनेकदा ९० वॅटचा असतो. ग्राहक तो घेतो, पूर्ण तेजाने लावतो आणि चार पटींहून अधिक फोटॉन ओततो. वर उष्णतेचा प्रश्न वेगळाच. ९० वॅटपैकी तिसरा हिस्सा जरी पाण्यात उतरला, तरी चाळीस लिटर पाणी तासाला सुमारे दोन तृतीयांश अंश सेल्सियसने तापण्याइतकी ती उष्णता आहे. बाष्पीभवन आणि काच यांमुळे ही वाढ कुठे तरी थांबते. पण नागपूर किंवा हैदराबादच्या मे महिन्यात खोलीच जिथे पस्तिशीला टेकलेली असते, तिथे थांबण्याची ती जागा प्रवाळाच्या सहनशक्तीच्या पलीकडे असते. मग शीतयंत्र घ्यावे लागते. आधी गरजेपेक्षा मोठा दिवा, मग त्याने तापवलेले पाणी थंड करायला महाग यंत्र, आणि दोन्हींचे वीजबिल. हा व्यवहार विक्रेत्याच्या फायद्याचा आहे. प्रवाळाच्या तर नाहीच.

ऊन आणि उष्णता : बातमीतला हरवलेला अर्धा भाग

हा प्रश्न एका छंदापुरता नाही, हे लक्षद्वीपकडे पाहिले की उमगते. एप्रिल २०२४ मध्ये जगातील प्रवाळांच्या चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा झाली. त्याच उन्हाळ्यात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने लक्षद्वीपमधील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडल्याचे नोंदवले. बातम्या आल्या, प्रत्येक बातमीत एकच शब्द होता, तापमान. तो खराच आहे. सागरी उष्णतेच्या लाटा हेच विरंजनाचे मूळ कारण आहे, याविषयी दुमत नाही. पण पांढरे पडणे प्रत्यक्षात घडते कसे, हे सांगताना प्रकाश वगळला की गोष्ट अर्धी राहते.

पाणी तापले, की शैवालाची कार्बन बांधण्याची आणि प्रकाशयंत्रणेची डागडुजी करण्याची क्षमता ढासळते. फोटॉन मात्र येतच राहतात. शोषलेल्या ऊर्जेला वाट उरत नाही, तेव्हा ऑक्सिजनची घातक, क्रियाशील रूपे तयार होतात. पेशी त्यांनी पोळतात आणि प्रवाळ आपल्या सहजीवी शैवालाला बाहेर टाकतो. उष्णता यंत्रणा मोडते आणि ऊन त्या मोडक्या यंत्रणेवर ओझे टाकत राहते. म्हणूनच एकाच वसाहतीची सूर्याकडची बाजू अनेकदा आधी पांढरी पडते आणि सावलीतली बाजू तग धरते. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून दिले जाणारे विरंजनाचे इशारे उपग्रहांनी टिपलेल्या पृष्ठभागाच्या तापमानावर बेतलेले असतात. धोक्याची पहिली घंटा म्हणून ते मोलाचे आहेत. त्या घंटेनंतर बातमी लिहिणाऱ्याने मात्र प्रकाशाचे नाव घ्यायला हवे, कारण प्रकाशाशिवाय वाचकाला यंत्रणा समजत नाही, आणि यंत्रणा न समजलेला वाचक पुढे कोणत्याही जादुई उपायावर विश्वास ठेवायला मोकळा होतो.

गरजेपेक्षा मोठ्या दिव्याखाली, तापलेल्या चाळीस लिटर पाण्यात जे घडते, ते लक्षद्वीपचेच लहान रूप आहे. फरक एवढाच, की तिथे सूर्य मंद करता येत नाही आणि इथे बटण हाताशी असते. नवा प्रवाळ आणला की दिवा कमी तेजावर ठेवून तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवणे, उन्हाळ्यात पाणी तापले की तेज आणि तास दोन्ही कमी करणे, या गोष्टींना पैसे पडत नाहीत. शैवाल नव्या प्रकाशाशी जुळवून घेते. त्याला वेळ लागतो. ‘पहिल्या दिवसापासून पूर्ण तेज’ हा सल्ला देणाऱ्याने प्रवाळ पाळलेला नसतो, विकलेला असतो.

दिव्याआधीचा प्रश्न

आता सर्वांत अप्रिय मुद्दा. महागडे दिवे विकताना नेहमीचे वाक्य असते : याखाली कठीण प्रवाळही वाढतील. भारतात हे वाक्य उच्चारताना पुढचे वाक्यही उच्चारायला हवे, आणि ते कोणी उच्चारत नाही. प्रवाळभित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. त्यांच्याबरोबर काळे प्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखेही आहेत. ते समुद्रातून काढणे आणि त्यांचा व्यापार करणे गुन्हा आहे. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाही यातून सुटत नाही; त्यामुळे ‘जिवंत खडक’ या नावाने विकल्या जाणाऱ्या तुकड्यांकडेही संशयानेच पाहायला हवे. मन्नारचे आखात, कच्छचे आखात, अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, आणि आपल्या मालवणच्या किनाऱ्यालगतचे लहान पुंजकेसुद्धा या संरक्षणाखाली येतात.

मग तीनशे मायक्रोमोल देणारा दिवा कोणत्या प्राण्यासाठी विकला जातो? ज्या प्राण्याला इतका प्रकाश लागतो तो कायद्याने दुकानात असायलाच नको. वैध मार्गाने आलेले बटन पॉलिप, मशरूम किंवा लेदर प्रवाळ यांना त्याच्या निम्माही प्रकाश पुरतो. गरज नसलेले सामर्थ्य विकण्यासाठी बेकायदा स्वप्न दाखवायचे, हा या व्यवहाराचा गाभा आहे. आणि ते स्वप्न पाहून कोणी उद्या कठीण प्रवाळाचा तुकडा मागितला, तर तो कोणत्या तरी समुद्रातून तोडूनच आणावा लागेल. दिवा निवडण्याआधी विचारायचा प्रश्न एकच : टाकीत कोण राहणार, आणि तो तिथे कायद्याने राहू शकतो का? विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनाला इथे किंमत नाही. खरेदीची पावती आणि परवाना पाहावा, शंका असेल तर वन विभागाला विचारावे.

तीन हरकती

पहिली हरकत अशी, की पूर्वी साध्या टी-फाइव्ह नळ्यांखालीही प्रवाळ वाढायचे, तेव्हा हा सगळा काथ्याकूट कशाला? वाढायचे, हे खरे. पण ते उदाहरण महाग दिव्याच्या बाजूने नाही, विरोधात जाते. नळ्यांचा प्रकाश पसरट, सावल्या मऊ आणि तेज बेताचे. चूक करायला वावच कमी होता. भिंगे बसवलेल्या एलईडीने तेज एका ठिपक्यात एकवटले आणि चूक करणे सोपे झाले. एलईडी वाईट नाही. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चे नोबेल मिळाले ते योग्यच, आणि विजेचा खर्च पाहता आज दुसरा पर्याय शहाणपणाचा नाही. पण जितके साधन तीक्ष्ण, तितके माप नेमके लागते.

दुसरी हरकत खर्चाची : पार मोजणारे यंत्र दिव्याहून महाग असते, ते कोण घेणार? एकट्याने घेण्याची गरज नाही. शहरातील दहा हौशी माणसे मिळून एक यंत्र घेऊ शकतात. एका टाकीला वर्षातून दोन-तीनदाच ते लागते. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांत आणि कृषी विद्यापीठांत असे संवेदक वापरात असतात, रीतसर विनंती करायला हरकत नाही. फक्त जुन्या धाटणीचे काही संवेदक निळा प्रकाश कमी दाखवतात, एवढे लक्षात ठेवावे. आणि मुळात मोजण्याची जबाबदारी ग्राहकाची का असावी? दिवा बनवणाऱ्याने एकदा मोजून खोक्यावर छापले, की प्रश्न मिटला.

तिसरी हरकत भावनेची : हा छंद आहे, प्रयोगशाळा नव्हे, प्रत्येक गोष्टीत आकडे आणून आनंद का घालवायचा? याला उत्तर एवढेच, की टाकीतला जीव छंद करायला आलेला नाही. त्याला तिथे आणले गेले आहे. त्याच्या एकुलत्या एका सूर्याचे बटण माणसाच्या हातात आहे. ज्याच्या हाती एखाद्याचा सूर्य असतो, त्याने निदान तो किती प्रखर आहे हे ठाऊक करून घ्यावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येत नाही.

काय मागायचे

मागणी फार मोठी नाही. टाकीसाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक दिव्यावर तीन गोष्टी छापलेल्या असाव्यात : अमुक उंचीवरून, अमुक खोलीवर, मध्यभागी आणि कोपऱ्यांत किती मायक्रोमोल पडतात त्याचा नकाशा, वर्णपटाचा आलेख, आणि भिंतीतून प्रत्यक्ष किती वीज ओढली जाते तो आकडा. भारतीय मानक ब्युरोने असे लेबल ठरवून दिले तर उत्तमच. त्याचा उपयोग घरात दिव्यांखाली भाजी आणि केशर पिकवणाऱ्यांनाही होईल, कारण तेही ल्युमेनच्या याच सापळ्यात अडकतात. तोवर ग्राहकाने विचारत राहावे. ‘पार किती?’ या दोन शब्दांवर विक्रेता गोंधळला, तर खिशातले पैसे खिशातच ठेवावेत.

खाऱ्या पाण्याशेजारी वीज असते, म्हणून तारेला खाली लोंबती घडी द्यावी, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगपर्यंत पोहोचणार नाही. आणि त्या जोडणीवर तीस मिलिअँपिअरचे गळती-विच्छेदक यंत्र बसवावे. प्रवाळाइतकेच माणसाचेही जगणे महत्त्वाचे आहे.

विज्ञानाच्या बातम्या वाचणाऱ्या, विज्ञान दिन साजरा करणाऱ्या, रामन यांचे नाव अभिमानाने घेणाऱ्या देशात एक साधा दिवा चुकीच्या मापाने विकला जातो आणि कोणाला खटकत नाही, ही गोष्ट लहान नाही. रामन यांनी समुद्राकडे पाहताना डोळ्यांपुढे प्रिझम धरला होता. समुद्राचा चाळीस लिटरचा तुकडा घरात आणणाऱ्याने निदान खोक्यावरचा आकडा कशाचा आहे, एवढे तरी विचारावे.